सीआर सुधारायला हजार प्रश्न लागत नाहीत, दिवसाला तीन पुरतात (आणि मराठी चालते)

उसळपाव
मंडळी, जीमॅट (एमबीएच्या प्रवेशाची परीक्षा) दुसऱ्यांदा देतोय. पहिल्या वेळी व्हर्बलनं, म्हणजे इंग्रजीच्या भागानं मार खाल्ला. आरसी (उतारा वाचून उत्तरं) बरी गेली, पण क्रिटिकल रीझनिंगमध्ये, म्हणजे सीआरमध्ये, जिथे छोट्या उताऱ्यातला युक्तिवाद तपासायचा असतो, पार आडवा. पणजीतल्या एका क्लासला जायचो, तिथे रोज पन्नास प्रश्नांची शीट, सोडवा, उत्तरं टिक करा, पुढची शीट. चार महिने हेच, आणि स्कोअर जिथल्या तिथे.

आता दिवसाला फक्त तीन करतो. पर्यायांवर हात ठेवायचा, उतारा वाचायचा आणि स्वतःशी मराठीत बोलायचं, की हा बाबा म्हणतोय काय, कशावरून म्हणतोय, आणि मधलं काय गिळून बसलाय. ते गिळलेलं सापडलं की मगच हात काढायचा. माझं मत असं की सीआरमध्ये आपण इंग्रजीमुळे नाही, घाईमुळे पडतो, आणि आपल्या भाषेत बोललं की घाई आपोआप कमी होते.

नमुना म्हणून मीच एक बनवलाय, बघा:
म्हापशातल्या एका वाड्यावर पोदेराचा (भोंपू वाजवत दारोदार पाव विकणाऱ्याचा) पाव गेल्या वर्षीपेक्षा कमी खपतो. त्याच वर्षी वाड्याच्या तोंडावर सुपरमार्केट उघडलं, तिथे स्लाइस ब्रेड मिळतो. तेव्हा लोक पाव सोडून ब्रेडकडे वळले. हा निष्कर्ष सगळ्यात जास्त कशानं कमकुवत होतो?
अ) सुपरमार्केटचा ब्रेड पावापेक्षा महाग आहे.
ब) पोदेरानं त्याच वर्षी संध्याकाळची फेरी बंद केली.
क) शेजारच्या वाड्यावर सुपरमार्केट नाही.
ड) वाड्यावरचे बहुतेक लोक सांगतात की त्यांना पावच जास्त आवडतो.

शेवटची_फेरी
ब. पों पों ऐकू आलं नाही तर पाव घेणार कोण 😄

फोंडेकरीण
उत्तर ब हे मान्य, बाकी काहीच मान्य नाही. उसळपाव, तुमचा स्कोअर अडकला तो प्रश्न जास्त केले म्हणून नव्हे, केलेल्यांकडे मागे वळून बघितलं नाही म्हणून. त्याचा राग प्रॅक्टिसवर का काढताय?

आणि मराठीत बोलायला वेळ आहे कुठे? आताच्या जीमॅटमध्ये व्हर्बलला ४५ मिनिटांत २३ प्रश्न, म्हणजे एकाला पुरती दोन मिनिटंसुद्धा नाहीत, आणि त्यातच आरसीचे उतारे वाचायचे. सेंटेन्स करेक्शन (वाक्यातली चूक सुधारायचे प्रश्न) होतं तेव्हा तिथे थोडा वेळ वाचवून इकडे घालता यायचा, तेही आता काढून टाकलंय. शेवटचे दोन-तीन राहून गेले तर स्कोअरला चांगलाच फटका बसतो. घरी पेज पीत पीत विचार करणं वेगळं आणि स्क्रीनवर घड्याळ पळत असताना वेगळं.

उसळपाव
घड्याळ शेवटच्या महिन्यात लावायचं हो. पोहायला शिकताना पहिल्याच दिवशी मांडवीत कोण उडी टाकतो?

फोंडेकरीण
माझा काका टाकायचा. असो.

पर्येचा_पाहुणा
थोडं बाजूला जातो. तुम्ही दोघं जीमॅट धरून बोलताय, पण इथली बरीच पोरं जीआयएमसाठी (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट) म्हणून कॅट किंवा झॅट या एमबीएच्याच दुसऱ्या परीक्षा देतात. कॅटच्या व्हीएआरसीत, म्हणजे इंग्रजीच्या भागात, सुटे सीआर आता फारसे दिसत नाहीत, आरसी, पॅरा समरी (परिच्छेदाचा सारांश) आणि वाक्यं जुळवणं हेच मुख्य. झॅटमध्ये मात्र येतात, वर डिसिजन मेकिंग वेगळंच. जीआरईतसुद्धा व्हर्बलमध्ये छोटा उतारा देऊन असे प्रश्न असतात, पण थोडेच. म्हणजे आधी कुठली परीक्षा ते ठरवा आणि मग भांडा. कॅटवाल्यानं सीआरवर चार महिने घालवले तर ते पाण्यात.

फोंडेकरीण
@उसळपाव, परत पोदेराकडे येऊ. तुमचा अ बघा. ब्रेड महाग असेल तर लोक स्वस्त पाव सोडून तिकडे जायची शक्यता कमी होते की नाही? थोडीशी होते. म्हणजे अ नेसुद्धा तुमचा निष्कर्ष थोडा ढिला पडतो. ड चं तेच. आवडणं आणि विकत घेणं वेगळं हे खरं, पण अगदीच असंबद्ध नाही ते. मग तुम्ही म्हणणार, 'सगळ्यात जास्त' लिहिलंय ना. पण किती जास्त हे ठरवणार कोण, तुम्ही?

खऱ्या परीक्षेतला प्रश्न आधी उमेदवारांवर मार्क न धरता चालवून बघतात, मगच तो मोजतात. त्यात चुकीचा पर्याय का चुकीचा हे एका वाक्यात सांगता येतं. घरी बनवलेले आणि फुकट पीडीएफमधले प्रश्न असे अर्धवट असतात, त्यांच्यावर कान तयार केला की खऱ्या परीक्षेत सूर चुकतो. म्हणून परीक्षा घेणाऱ्यांनीच काढलेले ऑफिशियल प्रश्नच, आणि भरपूर.

उसळपाव
अ बद्दल पकडलंत, खरंय. तो टाकताना मला वाटलं होतं की महाग असलं तरी लोक घेतातच, म्हणजे मीच मधलं एक गिळलं. 🙏

पण मराठीचा मुद्दा सोडत नाही. एक साधी गोष्ट सांगतो. 'इफ' आणि 'ओन्ली इफ' मध्ये मी दर वेळी गडबडायचो, क्लासमधल्या बाणांच्या आकृत्या काढूनसुद्धा. मग एकदा बसमध्ये कंडक्टर ओरडला, "सुटे असतील तरच चढा!" आणि डोक्यात लख्ख झालं. सुटे असतील तर चढवतो, असं नाही म्हणाला तो. सुटे असूनही गाडी भरली म्हणून खाली ठेवू शकतो. अख्खं 'ओन्ली इफ' त्या एका 'च' मध्ये बसलंय. आता इंग्रजीत दिसलं की मनात 'तरच' लावतो, अर्धा सेकंद लागतो.

सुशेगाद७०
वा, हे 'तरच' आवडलं. मी परीक्षा-बिरीक्षा काही देत नाही, मुलगी देते. तिला मी पेपरातली वाचकांची पत्रं वाचायला सांगतो. खाण बंद झाली म्हणून अमुक, मोपाचा विमानतळ आला म्हणून तमुक. प्रत्येक पत्रात एक तरी 'म्हणून' असतो आणि त्याच्या खाली खड्डा असतो. ती म्हणते पपा, मला आता तुमच्या बोलण्यातपण खड्डे दिसतात. 😀

फोंडेकरीण
काका, पत्रं वाचायला मजा येते पण तिथे पर्याय नसतात, आणि सीआरमध्ये गळा कापतात ते पर्यायच. उतारा सगळ्यांना कळतो हो. शेवटी दोन पर्याय उरतात आणि आपण चुकीचा धरतो, रोग तिथे आहे. माझ्या वहीचं सांगते. चुकलेल्या प्रत्येकाखाली दोन ओळी, चुकीचा पर्याय मला का गोड वाटला आणि तो कुठल्या शब्दानं मेला. शंभरेक झाल्यावर लक्षात आलं की माझे निम्मे 'ऑल', 'मोस्ट', 'नेव्हर' असल्या शब्दांवर मेलेत. उतारा म्हणतो काही दुकानं, पर्याय म्हणतो बहुतेक दुकानं, आणि मी डोळे मिटून टिक. हे कळायला शंभर लागले, दिवसाला तीन करत बसले असते तर महिना गेला असता.

शेवटची_फेरी
पण ताई, "तो मला का गोड वाटला" हे वहीत लिहिता कुठल्या भाषेत?

फोंडेकरीण
...मराठीत. 🤦‍♀️ पण तो परीक्षेनंतरचा हिशेब झाला. सोडवताना नाही.

पर्येचा_पाहुणा
😂😂

एक भर. अझम्प्शनचा (न बोलता काय गृहीत धरलंय ते शोधायचा) प्रश्न असेल तर पर्याय उलटा करून बघायची युक्ती दोघांनाही चालेल. पोदेराचंच घ्या. 'पोदेराच्या फेऱ्या पूर्वीइतक्याच आहेत' हे गृहीत धरलंय का? उलटं करा, फेऱ्या कमी झाल्या. निष्कर्ष कोसळला, म्हणजे गृहीत होतं. मी ही युक्ती फक्त शेवटच्या दोन पर्यायांवर वापरतो, परीक्षेतले पाचही उलटे करत बसलं तर सेक्शन तिथेच संपायचा.

उसळपाव
दोन दिवस डोकं खाजवून अ आणि ड बदललेत. आता बघा:
अ) सुपरमार्केट पाव विकत नाही.
ड) वाड्यावरच्या बहुतेक घरांत सकाळी चहाबरोबर पाव किंवा ब्रेड खातात.
फोंडेकरीण, आता काढा खोट.

फोंडेकरीण
आता अ गेला, उलट थोडा तुमच्याच बाजूनं बोलतो. ड नं इकडचं तिकडं होत नाही. क तेवढा अजून लुळा वाटतो, शेजारच्या वाड्यावर पाव किती खपतो ते सांगितलंच नाही. पण तो चुकीचाच पर्याय आहे, तेव्हा चालेल. प्रश्न बरा झाला.

फक्त एवढंच, दोन दिवसांत मी ऑफिशियलचे चाळीस केले.

उसळपाव
आणि वहीत किती चढले?

फोंडेकरीण
नऊ. त्यातले चार 'मोस्ट' वर.