टाटा १६१३ साठी जुनं इंजिन घेऊन बांधायचंय, घेताना काय काय बघू?

ऊसवाला_शिरोळ:
नमस्कार मंडळी. आमची १६१३ ट्रक आहे, ६९७ टर्बो इंजिन, कारखान्याला ऊस ओढतो. गेल्या हंगामाच्या शेवटी शेवटी चढाला टकटक यायला लागली, ड्रायव्हर म्हणाला टॅपेट वाजतंय, आणि तसाच ओढत राहिला, चौथ्या दिवशी कनेक्टिंग रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर. हात जाईल एवढं भोक पडलंय. मेस्त्री म्हणतो ब्लॉक गेला, जुनं इंजिन आणून बांधून घेऊ. पुण्याकडच्या एका यार्डात फुल इंजिन आहे, पंप टर्बो सकट एक लाख दहा सांगतोय, वर "चालू इंजिन आहे शेठ, टाका आणि पळवा". त्याच्याकडे कमिन्स कंपनीचं ६बीटी इंजिन पण पडलंय एक, मेस्त्रीचा डोळा त्याच्यावर. नोव्हेंबरच्या आत गाडी रस्त्यावर पाहिजे, टोळीला उचल देऊन बसलोय. आधी कधी जुनं इंजिन घेतलेलं नाही, कुणी सांगेल का काय बघायचं?

लेथवाला_उद्यमनगर:
भावा, पहिलं म्हणजे "चालू" हा शब्द डोक्यातून काढून टाका. तुम्ही इंजिन खोलून बांधणारच आहात म्हटल्यावर रिंग-पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट सगळं नवंच पडणार, मग ते चालू होतं का बंद होतं याला काय किंमत? पैसे देताय ते ब्लॉक आणि क्रँकचे. तुमचं हेड आणि पंप शाबूत असेल तर फुल इंजिन घेताच कशाला, हाफ मागा, म्हणजे हेड-पंप सोडून ब्लॉक-क्रँक, भाव लगेच खाली येतो. तुमचा टर्बो मात्र खोलून बघा, रॉड तुटला तेव्हा तेलातून चुरा फिरलेला असणार, ऑइल कूलर पण धुवून घ्या नाहीतर नव्या बेअरिंगची वाट लागेल पहिल्या फेरीत.

आता बघायचं कसं. यार्डवाल्याला सांगा खालचा तेलाचा चेंबर उतरवून दाखव, नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या. चेंबरच्या तळाचा गाळ बोटावर घ्या आणि चुंबक लावा. चिकटला तर क्रँक, रिंग, गिअर असं काहीतरी झिजलंय. चमकतोय पण चिकटत नाही म्हणजे बेअरिंगचा थर निघालाय. मग एक बिग एंड कॅप (रॉड क्रँकला धरते ती) खोला आणि आतल्या बेअरिंग शेलच्या पाठीवर काय मारलंय ते वाचा. स्टँडर्ड असेल तर नशीब. क्रँक दहा किंवा वीसवर (म्हणजे इंचाच्या तेवढ्या हजाराव्या भागाने घासून बारीक केलेली) असेल तरी चालेल, अजून एक ग्राइंडिंग निघतं. तीसवर असेल तर मी तरी घेणार नाही, भाव अर्धा केला तर गोष्ट वेगळी. जर्नलवरून, म्हणजे क्रँकच्या बेअरिंग बसते त्या गोल भागावरून, नख फिरवा, नख अडकलं तर ग्राइंडिंग आलंच.

हेड काढू दिलं तर बोअरच्या (सिलिंडरच्या) वरच्या टोकाला, जिथं वरची रिंग थांबते तिथं, आतून बोट फिरवा. पायरी लागेल. बारीक असेल तर ठीक, जाड लागली तर ते इंजिन शेवटपर्यंत पिळलेलं आहे. पण बोअरला घाबरायचं कारण नाही, आत नवी स्लीव्ह बसते. घाबरायचं ते तड्याला. ताजा रंग मारलेलं इंजिन दिसलं की मी पहिला चाकूने रंग खरवडतो, वेल्च प्लगच्या (ब्लॉकवरच्या पत्र्याच्या बुचांच्या) आजूबाजूला आणि पाण्याच्या जॅकेटवर. एकदा रंगाखाली एम-सील निघालं होतं, पितळ भरलेलं तर कितीतरी वेळा.

क्रँक बाहेर काढता आली तर दोरीला टांगून हातोडीने हलका टोला द्या. घंटेसारखी वाजली पाहिजे, भद्द वाजली तर कुठंतरी तडा असू शकतो. नुसत्या कानावर घेऊ नका पण, इथं आणून क्रॅक टेस्ट आणि ब्लॉकची प्रेशर टेस्ट करूनच पूर्ण पैसे द्या. टोकन द्या, आणि "टेस्टला फेल गेलं तर परत" हे बिलावर लिहून घ्या.

जुना_मालक_कराड:
वरचं सगळं बरोबर, पण कागदाचं कुणी बोललंच नाही. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तोच आरसीवर असतो. ब्लॉक बदलला म्हणजे नंबर बदलला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचा, बदल केल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आधीच जाऊन विचारून या ते बरं, गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याला पण विचारा. यार्डकडून पक्कं बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर आणि ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची झेरॉक्स.

मी एकदा शहाणपणा केला होता. इंजिन स्वस्तात मिळालं, घरी आणून डिझेलने धुतलं तर नंबराच्या जागी ग्राइंडर फिरवलेला. चोरीचा माल की काय ते देव जाणे. परत न्यायला गेलो तर तो म्हणतो आम्ही दिलंच नाही. त्या इंजिनाचं शेवटी किलोवर भंगार केलं, सौ. अजून टोमणे मारते.

आणि ते ६बीटीचं डोक्यातून काढा. इंजिन भारी आहे, वाद नाही, १६१३ कमिन्सवर पण आली होती. पण तुमच्या गाडीत माउंटिंग, बेल हाउसिंग, रेडिएटर, एकेक गोष्ट जुळवत बसाल आणि आरटीओत वेगळंच उत्तर द्यावं लागेल.

डिझेल_डोकं:
६९७ सोडू नका. नावातच कुंडली आहे, ६ सिलिंडर, ९७ मिमीचा बोअर. मर्सिडीजच्या जुन्या ओएम ३५२ चं रक्त, त्याचाही बोअर ९७ आणि स्ट्रोक १२८. पार्ट गल्लीबोळात मिळतात. ६बीटीला कंपनीकडून लायनरच (स्लीव्ह) नसतो, ब्लॉकमध्येच बोअर.

पण माझा एक प्रश्न, ओरिजिनल ब्लॉक खरंच गेलाय का? मेटल स्टिचिंग (वेल्डिंग न करता धातूचे टाके मारून) करून भोक बंद करतात की. नंबर तोच राहतो, आरटीओची भानगडच नाही.

लेथवाला_उद्यमनगर:
करतात, मी पण करून घेतलंय. भोक नुसतं भिंतीला असेल आणि जॅकेट व मेन बेअरिंगची सीट (क्रँक बसते ती) शाबूत असेल तर होतं. तडा सीटपर्यंत गेला असेल तर लाइन बोअरिंग, म्हणजे सगळ्या सीट एका रेषेत कापलेल्या, सरळ राहायची खात्री कोण देणार, ऊस भरलेली गाडी आहे ती, लग्नाचं वऱ्हाड नाही. @ऊसवाला फोटो टाका भोकाचा.

ऊसवाला_शिरोळ:
सगळ्यांचे आभार. फोटो लेथवाल्या दादांना दाखवला, तडा तीन नंबरच्या सीटमध्ये उतरलाय, म्हणजे आमचा ब्लॉक गेलाच.

काल यार्डात जाऊन आलो. ते एक दहावालं "चालू" इंजिन, चेंबर उतरवायला तो अर्धा तास का-कू करत होता. उतरवलं तर गाळात सगळी चमकी, चुंबकाला ढिम्म हलत नाही, आणि शेलवर तीसचा आकडा. म्हटलं राहू दे शेठ. मग त्याच्याच पोराने मागच्या शेडमधला एक हाफ दाखवला, रंग नाही काही नाही, वरून कबुतरांनी घाण केलेला, शेल वीसवर, नंबर स्वच्छ वाचता येतो, गाडीची आरसी पण निघाली. बेचाळीस हजारवर तुटलं, पाच हजार टोकन दिलंय आणि टेस्टचं बिलावर लिहून घेतलंय. मेस्त्री जरा रुसलाय कमिन्ससाठी.

दादा, सोमवारी सकाळी टेंपोत घालून आणतो तुमच्याकडे, दुकान उघडं असतं ना? आमच्याकडं सोमवारी बंद असतात लेथ.

लेथवाला_उद्यमनगर:
आमचं पण सोमवारी बंद. मंगळवारी या, आणि येताना जुन्या इंजिनाच्या मेन कॅप आणू नका, ज्या त्या ब्लॉकच्या त्यालाच लागतात. मागच्या आठवड्यात एकजण पोतंभर घेऊन आला होता.