आंतर गाभ्याचं वय भागाकाराने निघतं का?

पाटीपेन्सिल: पृथ्वीच्या पोटातल्या घट्ट गोळ्याची (हाच आंतर गाभा) त्रिज्या सुमारे १२२० किमी. तो वर्षाला साधारण १ मिमी वाढतो असं बरेच ठिकाणी वाचलं. करा भागाकार: १२२ कोटी वर्षं. मग वयावरून एवढा घोळ कशाला?

कातळ: असहमत. एक तर तो १ मिमी कुणी मोजलेला नाही, उष्णतेच्या हिशोबातून आलेला अंदाज आहे. शिवाय वेग कायम तोच कसा राहील? उष्णता सारख्याच दराने बाहेर पडते असं धरलं, तर दरवर्षी गोठणारं लोखंडही जवळपास तेवढंच. एक वाटी कणीक सुपारीएवढ्या पुरणावर थापा आणि मग नारळाएवढ्यावर. थर कुठे जाड बसेल? म्हणजे गोळा आधी भराभर वाढला, तुमचे १२२ कोटी फुगलेले आहेत. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या ५६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत तर पृथ्वीच्या तेव्हाच्या चुंबकत्वाची नोंद आजच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी सापडलंय. गोळा वाढू लागला की चुंबकत्व जोर धरतं, म्हणजे तो त्याच सुमारास जन्मला असावा.

पाटीपेन्सिल: ३०० कोटींहून जुन्या खडकांतही चुंबकत्व सापडतं. तेव्हा गोळा नव्हता, तर ते आलं कुठून? आणि भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमानबाईंनी १९३६ साली हा गोळा शोधला तो भूकंपलहरींच्या साध्या हिशोबावरूनच ना?

कातळ: गोळ्याभोवतीच्या बाह्य गाभ्यातला द्रव (वितळलेलं लोखंड) नुसता थंड होतानाही ढवळला जातो, चुंबकत्वाला तेवढं पुरतं. गोळा वाढताना हलकी मूलद्रव्यं वर सोडतो, त्याने ढवळणं जोर धरतं इतकंच. आणि लहरी आजचा गोळा दाखवतात, त्याचा जन्मदाखला नाही.

बर्फगोळा: तुम्ही दोघंही पहिला कण जमलाच असं धरून चाललाय. फ्रीजरमधली पाण्याची बाटली शून्याखाली जाऊनही कधीकधी पातळच राहते, टेबलावर आपटली की क्षणात बर्फ. लोखंडाचंही तेच. २०१८च्या एका शोधनिबंधाचा हिशोब असा, की शुद्ध लोखंडात पहिला स्फटिक आपोआप जमायला तापमान गोठणबिंदूच्या सुमारे १००० अंश खाली जायला हवं. गाभा तेवढा निवलेलाच नाही! म्हणजे काहीतरी बी पडलं असणार, नाहीतर कार्बन, सिलिकॉनसारख्या भेसळीने काम सोपं केलं असणार. आणि द्रव आधीच जास्त निवला होता असं मानलं, तर सुरुवातीचा मोठा भाग एकदम गोठला असेल. मग कसले मिमी आणि कसली कणीक?

कातळ: बाटली पटली. कणकेचा हिशोब पहिल्या कणानंतर लागू होतो, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

पाटीपेन्सिल: बरं, १२२ मागे घेतो. पण मग एकाच भागातल्या खडकांवरून ५६.५ कोटींवर बोट ठेवणंही थांबवा.