अपाची–टॉमकॅट जोडणी: एजेपी लावलं तरी ५०३ यायलंय

मोंढा_सर्व्हर (लातूर)

नमस्कार मंडळी. अल्मालिनक्स ९, वेब सर्व्हर म्हणून अपाची २.४.५७ आणि त्याच मशीनवर /ऑप्ट मध्ये टार फाइलमधून टाकलेलं टॉमकॅट ९ (जावा ॲप चालवणारा सर्व्हर). आडत दुकानांसाठी आवक आणि भाव नोंदवायचं जावा ॲप आहे, पाथ /बाजार. ८०८० वर थेट उघडलं की व्यवस्थित चालतंय, पण अपाचीतून ४४३ वर उघडलं की ५०३ (सेवा उपलब्ध नाही) यायलंय. टॉमकॅटच्या सर्व्हर.एक्सएमएल मधल्या एजेपी (अपाची आणि टॉमकॅटनं एकमेकांशी बोलायचा प्रोटोकॉल) कनेक्टरची कमेंट काढली. व्हर्च्युअल होस्टमध्ये या दोन ओळी आहेत, पहिली चाचणीच्या वेळची:

प्रॉक्सीपास /चाचणी एजेपी://१२७.०.०.१:८००९/
प्रॉक्सीपास /बाजार एजेपी://१२७.०.०.१:८००९/बाजार

एरर लॉगमध्ये हे:

(१३)परमिशन डिनाइड: एएच००९५७: एजेपी: अटेम्प्ट टु कनेक्ट टु १२७.०.०.१:८००९ फेल्ड

फायरवॉलमध्ये ८००९ उघडून पाहिलं, फरक नाही. सोयाबीनची आवक वाढायच्या आत चालू करायचंय. नेमकं कुठं अडतंय?

गोदाकाठ (नांदेड)

भाऊ, सगळ्यात आधी फायरवॉलमधलं ८००९ परत बंद करा. अपाची आणि टॉमकॅट एकाच मशीनवर आहेत, त्यांचं बोलणं लूपबॅकवरून (मशीनच्या आतल्या आत) होतं, बाहेरून ते पोर्ट दिसायचं काहीच कारण नाही. एजेपी आलेल्या विनंतीवर जवळजवळ डोळे झाकून विश्वास ठेवतं. २०२० मधली घोस्टकॅट नावाची त्रुटी याच पोर्टवरची: ८००९ वर पोचणाऱ्या कुणालाही वेब-इन्फ (ॲपच्या आतल्या सेटिंग्जचं फोल्डर) मधल्या फायली वाचता येत होत्या, म्हणजे डेटाबेसचा पासवर्डसुद्धा.

आता तुमची अडचण. कंसातला आकडा नीट बघा, त्यातच उत्तर आहे. (१३) म्हणजे जोडणी करायला अपाचीला परवानगीच मिळाली नाही. टॉमकॅटपर्यंत गोष्ट गेलेलीच नाही, एसईलिनक्सने (लिनक्समधली सुरक्षा यंत्रणा) दारातच अडवलंय. खात्री करायला रूट होऊन:

ऑसर्च -एम एव्हीसी -टीएस रिसेंट

त्यात एचटीटीपीडी आणि नेम_कनेक्ट दिसलं की झालं. मग:

सेटसीबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट १

यातला पी कॅपिटल. तो विसरलात तर रीबूटनंतर पुन्हा (१३). आणि कुणी एसईलिनक्सच बंद करा म्हणालं तर ऐकू नका, एका स्विचचं काम आहे.

एवढं केलं की ५०३ जाणार नाही, फक्त आकडा बदलून (१११)कनेक्शन रिफ्यूज्ड होईल. घाबरू नका, ती पुढची पायरी आहे. टॉमकॅट ९.०.३१ पासून एजेपीचे नियम कडक झालेत. कमेंट काढलेल्या नमुन्यात दोन खाचा आहेत. एक, तिथं ॲड्रेस ::१ आहे, म्हणजे आयपीव्ही६ चा लूपबॅक, आणि तुमचा अपाची १२७.०.०.१ वर हाका मारतोय. दोन, सिक्रेटरिक्वायर्ड मुळातच ट्रू असतं, म्हणजे दोघांमध्ये ठरलेला गुप्त शब्द (सिक्रेट) लागतोच. सिक्रेट दिलं नाही तर तो कनेक्टर सुरूच होत नाही. बाकी टॉमकॅट मात्र सुरू होतं, ८०८० चालत राहतं, त्यामुळं सगळं ठीक आहे असं वाटतं. कॅटलिना लॉगमध्ये (टॉमकॅटचा मुख्य लॉग) टॉमकॅट सुरू होतानाच्या ओळींत सिक्रेट नल किंवा रिकामं आहे अशी तक्रार सापडेल.

कनेक्टर असा करा:

<कनेक्टर प्रोटोकॉल="एजेपी/१.३" ॲड्रेस="१२७.०.०.१" पोर्ट="८००९" सिक्रेट="…" रिडायरेक्टपोर्ट="८४४३" />

सिक्रेट स्वतःच्या मनानं रचू नका, ओपनएसएसएल रँड -हेक्स २४ ने काढा. तेच अपाचीत /बाजार च्या ओळीच्या शेवटी सिक्रेट= लिहून द्या. अपाचीला हा पर्याय २.४.४२ पासून आहे, तुमच्याकडं चालेल. सिक्रेट असलेल्या फायली सगळ्यांना वाचता येऊ नयेत, सर्व्हर.एक्सएमएल ला ६४० पुरे. टॉमकॅट रीस्टार्ट करा, एसएस -एलटीएनपी मध्ये १२७.०.०.१:८००९ दिसतंय का बघा, मगच अपाची रीलोड करा.

प्रॉक्सीपासरिव्हर्स (टॉमकॅटच्या रिडायरेक्टमधले पत्ते बदलणारी ओळ) लावायची गरज नाही. एजेपीतून मूळ होस्ट जसाच्या तसा जातो, आणि तुमचा पाथ दोन्हीकडं /बाजार च आहे. तो तसाच ठेवा. पाथ वेगळे केले की कुकीचा पाथ जुळत नाही आणि लॉगिन टिकत नाही.

बालाघाट_०२ (बीड)

दादा, एक भर. लाईट जाऊन मशीन बंद-चालू झालं की अपाची लगेच उठतो, टॉमकॅटला वेळ लागतो. त्या दरम्यान एक जरी विनंती आली तर अपाची टॉमकॅटला नादुरुस्त ठरवतो आणि ६० सेकंद त्याच्याकडं फिरकतच नाही. टॉमकॅट उठलेलं असतं तरी लोकांना ५०३ दिसत राहतं. प्रॉक्सीपासच्या ओळीत रिट्राय=५ टाका. आणि टॉमकॅटची सिस्टिमडी सर्व्हिस (मशीन सुरू होताना ते आपोआप चालू करणारी) एनेबल केली आहे ना, तेही तपासा. टार फाइलमधून टाकलं की ती आपणच लिहावी लागते.

वेरूळ_जावा (छत्रपती संभाजीनगर)

एकाच मशीनवर आहे तर एजेपी हवंच कशाला? माझं मत स्पष्ट आहे: नवीन जोडणी असेल तर साधं एचटीटीपी. कर्लने तपासता येतं, बाकी साधनं त्याला ओळखतात, सिक्रेटची भानगड नाही. मात्र मग हे सगळं लागतं: प्रॉक्सीपास आणि प्रॉक्सीपासरिव्हर्स दोन्ही, प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट ऑन (मूळ होस्ट तसाच पुढे जावा म्हणून), आणि रिक्वेस्टहेडर सेट करून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो मध्ये एचटीटीपीएस. टॉमकॅटच्या बाजूला रिमोटआयपीव्हॉल्व्ह (अपाचीने हेडरमध्ये पाठवलेली मूळ माहिती वाचणारा भाग) लावायचाच. तो नसेल तर टॉमकॅटला वाटतं विनंती साध्या एचटीटीपीवरून आली, मग लॉगिननंतर रिडायरेक्ट चुकतो आणि सेशन कुकीला सिक्युअरचा शिक्का लागत नाही. ॲक्सेस लॉगमध्ये खऱ्या ग्राहकाचा आयपी हवा असेल तर ॲक्सेसलॉगव्हॉल्व्हला रिक्वेस्टॲट्रिब्यूट्सएनेबल्ड ट्रू करा. आणि ८०८० च्या कनेक्टरला ॲड्रेस १२७.०.०.१ द्या, नाहीतर लोक अपाचीला वळसा घालून थेट येतील.

एजेपी हे सगळं आपोआप नेतं, तेवढा त्याचा फायदा मान्य.

मोंढा_सर्व्हर (लातूर)

गोदाकाठ दादा, अगदी तसंच झालं. (१३) गेलं, (१११) आलं, तेही गेलं. आता /बाजार वर सरसकट ४०३ (परवानगी नाही) यायलंय. सिक्रेट दोन्हीकडं कॉपी करूनच टाकलंय.

गोदाकाठ (नांदेड)

४०३ कोण देतंय ते टॉमकॅटच्या ॲक्सेस लॉगवरून कळेल. तिथं नोंद असेल तर सिक्रेट पोचत नाहीये. मला तुमच्या त्या चाचणीच्या ओळीचा संशय आहे. तिचा पत्ता ८००९/ एवढाच आहे, आणि /बाजार च्या ओळीचा पत्ता त्यानंच सुरू होतो. असं असलं की अपाची दोघांना एकच वर्कर (टॉमकॅटशी जोडणी सांभाळणारा भाग) वापरतो, आणि वर्करच्या सेटिंग्ज पहिल्या ओळीच्या चालतात. दुसऱ्या ओळीतलं सिक्रेट बाजूला टाकलं जातं. अपाची सुरू होतानाच्या लॉगमध्ये एएच०११४६ शोधा, इग्नोरिंग पॅरामीटर असं लिहिलेलं असेल. रिट्रायसुद्धा याच कारणानं लागू होणार नाही. चाचणीची ओळ काढून टाका आणि अपाची रीस्टार्ट करा.

मोंढा_सर्व्हर (लातूर)

एएच०११४६ होतंच. ओळ काढली, ॲप उघडलं, लॉगिन टिकतंय. रिट्राय=५ पण टाकलं. एकच राहिलं: सौद्याच्या वेळी मोठ्या स्क्रीनवर भाव आपोआप बदलतात, त्यासाठी /बाजार/थेट वर वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी जोडणी) आहे. ८०८० वर चालतंय, अपाचीतून जोडतच नाही.

वेरूळ_जावा (छत्रपती संभाजीनगर)

एजेपीतून वेबसॉकेट जातच नाही, त्या प्रोटोकॉलमध्ये अपग्रेडची (साधी जोडणी वेबसॉकेटमध्ये बदलायची) सोय नाही. बाकीचं एजेपीवर राहू द्या, तेवढा एक पाथ एचटीटीपीने पाठवा:

प्रॉक्सीपास /बाजार/थेट एचटीटीपी://१२७.०.०.१:८०८०/बाजार/थेट अपग्रेड=वेबसॉकेट

ही ओळ /बाजार च्या वर हवी. जी ओळ आधी जुळते तीच लागू होते, खाली टाकली तर तिथपर्यंत पाळीच येणार नाही. अपग्रेडची ही सोय २.४.४७ पासून आहे. ॲप स्प्रिंगवर (जावाचं फ्रेमवर्क) असेल तर प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट ऑन करा, नाहीतर ओरिजिनच्या (विनंती कुठल्या साइटवरून आली त्याच्या) तपासणीत ४०३ मिळेल. आणि दुपारी सौदे थांबले, भाव बदलले नाहीत, की जोडणी गप्प राहते आणि टाइमआउटला तुटते, मूळ टाइमआउट ६० सेकंद आहे. सर्व्हरकडून दर ३० सेकंदांनी एक पिंग जाऊ द्या.