उन्हाचा चौकोन

थंडीतली छोटी सुखं सांगताना, दिवसभर उन्हात टाकलेलं पांघरूण रात्री अंगावर घेण्याचं सुख तुम्ही सांगितलंत, त्याला पूर्ण दुजोरा! माझ्याकडून त्यात भर म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून येणारा उन्हाचा चौकोन. डिसेंबरात सूर्य खालून जातो, म्हणून ऊन पार खोलीत आतपर्यंत येतं. 21-22 डिसेंबरनंतर तो रोज थोडा थोडा वर चढतो आणि फेब्रुवारी संपेपर्यंत तोच चौकोन खिडकीकडे बराच मागे सरकलेला असतो. माझी खुर्चीही त्याच्या मागोमाग सरकते. दुपारी पुस्तक मांडीवर, पाय उन्हात, डोकं सावलीत. याहून चांगली बैठक मला तरी माहीत नाही. त्या तिरिपेत धुळीचे कण तरंगताना दिसतात. (केर काढायला हवा हेही दिसतं, पण तिकडे कानाडोळा.)

संध्याकाळचा दिवा उशिरा लावावा लागतो, हेही बरं वाटतं. आणि अंधार पडल्यावर गच्चीत एक चक्कर माराच. मृग नक्षत्र तेव्हा छान वर आलेलं असतं. त्यातले दोन ठळक तारे बघा: काक्षी तांबूस, राजन्य निळसर पांढरा. हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो, दुर्बीण लागत नाही.