शब्दचर्चा : बास्केटबॉलच्या गुणपत्रकातला 'टर्नओव्हर' मराठीत कसा लिहावा?

दिग्रसकर : तालुका पातळीच्या शालेय सामन्यांसाठी मराठी गुणपत्रक तयार करून राहिलो. नमुना म्हणून एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं आकडेपत्रक समोर ठेवलं. शब्दशः मराठी केलं तर टर्नओव्हरची 'उलाढाल' होते, स्टीलची 'चोरी', फील्ड गोलचा 'मैदानी गोल', रिबाउंडचा 'प्रतिक्षेप'. पोरं उलाढाल म्हटलं की जिनिंगचा हिशेब समजतील. टेबलावर बसून लिहिणाऱ्या पोराले रकाना वाचताच काय मोजायचं ते कळलं पाहिजे. असे शब्द सुचवा.

दर्यापूरकर : उलाढाल तर काढूनच टाका, भाऊ. टर्नओव्हर म्हणजे शॉट न घेताच बॉल समोरच्या टीमकडं जाणं. चुकलेला पास, ट्रॅव्हलिंग (बॉल न आपटता पावलं टाकणं), डबल ड्रिबल (आपटणं थांबवून पुन्हा सुरू करणं), रेषेवर पाय, आक्रमण करणाऱ्याचा फाउल, हे सगळे त्यात आले. शॉट घ्यायचे २४ सेकंद संपले तर टर्नओव्हर टीमच्या नावावर जातो, एका खेळाडूच्या नाही. शॉट चुकला आणि रिबाउंड, म्हणजे चुकून परत आलेला बॉल, समोरच्यानं घेतला, तर तो टर्नओव्हर नव्हे. नवे लिहिणारे नेमके इथंच फसतात. रकान्यात 'बॉल गमावला' लिहा आणि स्टीलसाठी 'बॉल हिसकावला'. ही जोडी ठेवली की पडताळाही सोपा जातो. प्रत्येक हिसकावलेल्या बॉलमागं समोरच्या टीमचा एक गमावलेला बॉल असतोच, पण प्रत्येक गमावलेला बॉल हिसकावलेला नसतो. म्हणून आपले 'हिसकावले' त्यांच्या 'गमावले'पेक्षा जास्त भरले, तर पत्रक चुकलं.

वरूडकर : 'मैदानी गोल' हा शब्द हॉकीचा आहे. पेनल्टी कॉर्नर आणि स्ट्रोक सोडून झालेला गोल, असा त्याचा अर्थ आपल्याकडं रुळलेला आहे, तो इथं ओढून आणू नका. बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) सोडून पडलेलं प्रत्येक बास्केट फील्ड गोल, मग ते २ गुणांचं असो की ३ चं. 'चालू खेळातलं बास्केट' म्हणा, आणि रकाना 'पडले / घेतले' असा जोडीनं ठेवा.

एनबीएच्या कोबी ब्रायंटनं २२ जानेवारी २००६ ला टोरंटोविरुद्ध ८१ गुण केले. तिथं चालू खेळातले २८/४६, त्यातले तीन गुणांचे ७/१३ आणि फ्री थ्रो १८/२०. पोरांना हाच हिशेब करायला लावा : २८ मधून ७ गेले, राहिले २१. २१ × २ = ४२, ७ × ३ = २१, त्यात १८ मिळवले की ८१. काहून सांगून राहिलो, तर बरेच जण २८ आणि ७ वेगवेगळे धरतात आणि बेरीज फुगते. ते ७ या २८ च्या पोटातच आहेत.

आणखी एक. शॉट घेताना फाउल झाला आणि बॉल पडला नाही, तर तो 'घेतले'मध्ये लिहायचा नाही, फक्त फ्री थ्रो लिहायचे. फाउल होऊनही बॉल पडला, तर तो 'पडले'त आणि 'घेतले'त दोन्हीकडं येतो, वर एक फ्री थ्रो. हा नियम न पाळल्यानं चांगल्या पोराची टक्केवारी विनाकारण खाली येते, आणि निवडीच्या वेळी तोच आकडा पाहिला जातो.

पुसदकर : शॉटच्या 'इफेक्टिव्ह' आणि 'ट्रू' टक्केवारीसाठी 'प्रभावी' आणि 'खरी' असे दोन शब्द चालतील, पण सूत्र खाली छापाच. कोबीची साधी टक्केवारी २८ भागिले ४६, म्हणजे ६०.९. प्रभावी टक्केवारीत तीन गुणांच्या बास्केटला दीडपट वजन, म्हणून ७ चे निम्मे ३.५ मिळवायचे : (२८ + ३.५) ÷ ४६ = ६८.५. खऱ्या टक्केवारीत फ्री थ्रोही येतात : ८१ ÷ [२ × (४६ + ०.४४ × २०)] = ७३.९. ०.४४ एवढ्यासाठी, की सगळेच फ्री थ्रो जोडीनं येत नाहीत. बास्केट पडल्यावरचा एक किंवा टेक्निकल फाउलचा एक मिळतो, त्याला वेगळा ताबा खर्च होत नाही. शालेय पत्रकात 'खरी' नको, 'प्रभावी'पर्यंत थांबा.

मोर्शीकर : असिस्टला 'सहाय्य' नको जी. स्क्रीन लावणारा, म्हणजे बचाव करणाऱ्याची वाट अडवून उभा राहणाराही सहाय्यच करतो, त्याला असिस्ट मिळत नाही. ज्या पासवरून थेट बास्केट झालं तो पास म्हणजे असिस्ट. शब्द तसाच ठेवा, मैदानावर सगळे तोच बोलतात. फक्त कोणता नियम धरला ते पत्रकाच्या माथ्यावर लिहा. पास मिळालेल्यावर शॉट घेताना फाउल झाला आणि त्यानं निदान एक फ्री थ्रो पाडला, तर फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या पद्धतीत पास देणाऱ्याला असिस्ट मिळतो, एनबीएत मिळत नाही. दोन पद्धती मिसळल्या की दोन सामन्यांची तुलनाच करता येत नाही.

रिबाउंडही तसाच राहू द्या. 'प्रतिक्षेप' टेबलावर कोणी ओरडणार नाही. मात्र आक्रमक आणि बचावात्मक याऐवजी 'आपल्या शॉटचा' आणि 'त्यांच्या शॉटचा' लिहा, लहान पोरालेही उमगते. शॉट चुकून बॉल थेट बाहेर गेला, तर ज्यांना थ्रो-इन मिळाला त्यांचा टीम रिबाउंड. दोनपैकी पहिला फ्री थ्रो चुकला तर खेळाडूला रिबाउंड द्यायचा नाही, तेव्हा बॉल चालू खेळात नसतो.

दिग्रसकर : 'ट्रिपल-डबल'चं काय करावं? एकानं 'तिहेरी-दुहेरी' सुचवलं.

वरूडकर : त्यातून अर्थ निघत नाही. इथं डबल म्हणजे दुप्पट नव्हे, दोन अंकी. गुण, रिबाउंड, असिस्ट, हिसकावलेले बॉल आणि ब्लॉक (समोरच्याचा अडवलेला शॉट), या पाचांपैकी तीन रकान्यांत १० किंवा जास्त. 'तीन रकाने दोन अंकी' म्हणा. एनबीएच्या नेट थर्मंडनं १९७४ मध्ये २२ गुण, १४ रिबाउंड, १३ असिस्ट आणि १२ ब्लॉक केले, ते 'चार रकाने दोन अंकी'.

मोर्शीकर : रिकाम्या रकान्याचंही ठरवून घ्या. एनबीएच्याच विल्ट चेंबरलेननं २ मार्च १९६२ ला १०० गुण केले : चालू खेळातले ३६/६३, फ्री थ्रो २८/३२, रिबाउंड २५. त्याच्या ब्लॉकच्या रकान्यात '०' लिहिणं चूक आहे, कारण एनबीएत ब्लॉक आणि स्टील अधिकृतपणे १९७३-७४ पासून मोजू लागले. तिथं आडवी रेघ. मोजलं आणि एकही नाही, तर '०'. बाकावरच बसला, तर 'खेळला नाही', आणि सरासरी काढताना तो सामना धरायचा नाही.

पुसदकर : 'प्लस-मायनस'ला 'अधिक-उणे' चपखल बसते. खेळाडू मैदानात असताना टीमनं समोरच्या टीमपेक्षा किती जास्त किंवा कमी गुण केले, तो फरक. सगळ्या खेळाडूंची बेरीज विजयाच्या फरकाच्या पाचपट आली पाहिजे : १२ नं जिंकलो तर +६०. मिनिटांची बेरीज फिबाच्या ४० मिनिटांच्या सामन्यात २००, एनबीएच्या ४८ मिनिटांच्या सामन्यात २४०, आणि ५ मिनिटांच्या प्रत्येक जादा वेळेला २५ आणखी. बदली खेळाडूची वेळ लिहायची राहिली, की या दोन्ही बेरजा एकदमच चुकतात. आधी मिनिटं तपासा.