लाईट गेली, कुकरची रिंग गेली, तरी झकास जेवलो : अनुभव धागा

उखळमुसळ
मागच्या आठवड्यात माहेरी होते, दिग्रसजवळ. मंगळवारी संध्याकाळी वादळ आलं, डीपीजवळचा खांब आडवा. चार दिवस लाईट नाही. दुसऱ्या दिवशी वहिनीने फ्रीजमधलं सगळं म्हशीपुढे नेऊन टाकलं : इडलीचं पीठ, चिरून ठेवलेल्या भाज्या, पनीर. (म्हशीने पनीर सोडून दिलं.) त्यातच कुकरची रिंग तुटली. आम्ही दोघी नणंद-भावजय गॅससमोर उभ्या, जणू घरात कुणी गेलं.

आई ७८ वर्षांची. म्हणाली, "कायले तोंड पाडून उभ्या रायल्या? गंज नाही का घरात?" माळ्यावरचा पितळी गंज (उंच पातेलं) काढला, चिंचेने घासला. कल्हई उडालेली होती, म्हणून फक्त डाळच शिजवायची, आंबट त्यात घालायचं नाही, असा हुकूम झाला. तूरडाळ तासभर भिजवून उकळत्या पाण्यात सोडली. हळद, चमचाभर फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल, म्हणजे उतू जात नाही. वर ताटली आणि ताटलीत पाणी. डाळीला पाणी कमी पडलं की ताटलीतलं तापलेलं आत ओतायचं. गार पाणी टाकलं तर डाळ रुसते म्हणे. पाऊण तासाने रवीने घोटलं, दुसऱ्या भांड्यात काढून मग मीठ, चिंच, फोडणी.

त्या वरणाचा पहिला घास घेतला आणि मी एकदम चौथीत. शिंक्यावर दूध, उतरंडीत पापड, आणि भात वेळून काढलेली पेज वाटीत घेऊन भावाशी भांडण.

तुमच्याकडे कुकर, फ्रीज, मायक्रोवेव्ह नव्हतं तेव्हा काय खायचात? किंवा आत्ताही नसेल तर? लिहा.

बुलडाण्याची_पोर
फुणके!!! डाळ भिजवून जाडीभरडी वाटायची, लसूण-मिरची-सांबार घालून मुठी वळायच्या. गंजात पाणी, तोंडाला फडकं बांधलेलं, त्यावर फुणके, वर झाकण. सोबत कढी. नंतर लिहिते, दूध वर आलं.

वावरातला_गडी
तुम्ही गंजाचं सांगून रायले, आमाले गंज बी लागत नाई. रोडगे. गहू जाडा दळून आणाचा, कणकीत तेल-मीठ, आतून तेलाचा हात लावत पदर पाडाचे अन् गोळा वळाचा. गोवऱ्या पेटवाच्या, भडका गेला का निखाऱ्यावर गोळे मांडाचे. सारके फिरवाचे. सगळ्या अंगानं डाग पडले का राखीत बुजून टाकाचे अन् वांग्याच्या भाजीले लागाचं. भाजी होईस्तोवर रोडगा आतून शिजते. काढला, फडक्यात घोयसला, फोडला, तूप. वरून वरण. जो माणूस रोडगे खाऊन दुपारी वावरात काम करतो म्हनते थो खोटं बोलते.

दोन_आण्याचं_तूप
तूप किती ते लिहा ना भाऊ. तिथेच खरी गोम आहे.

वावरातला_गडी
रोडगा नाई म्हनेस्तोवर.

पऱ्हाटी
गोड गोड धागा वाचून थोडं कडू लिहिते, रागावू नका.

माझं लग्न होऊन मी वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यात आले तेव्हा घरात अकरा माणसं आणि एक चूल. पावसाळ्यात पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) ओल्या. फुकून फुकून डोळे लाल. वरण तुमच्या आईसारखंच व्हायचं, पण पाऊण तास चुलीसमोर बसणारी मी असायची आणि जेवायला बसेपर्यंत वरणात डाळ उरलेली नसायची. भाजी उरवायची सोय नाही, म्हणून मोजून करायची. मोजणीत चुकलं तर कमी कुणाच्या ताटात पडायचं ते सांगायला नको. पहिला कुकर आला त्या दिवशी मी मागच्या आंगणात जाऊन रडले, आनंदाने. सासूबाईंना वाटलं माहेरची आठवण आली.

आता गॅस आहे, पण सिलेंडर पुरवून पुरवून वापरायचं, म्हणून आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं.

भरीत मात्र तुराट्यांच्या जाळावरचंच. एवढं एक चुलीला माफ.

उखळमुसळ
@पऱ्हाटी, रागावणार कशाला. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, नुसती पदराने चष्मा पुसत बसली.

शेगडीवाला
अमरावतीला शिकायला होतो, पाच जणांत एक खोली. हीटरची कॉइल लपवून ठेवायची कारण घरमालक वास घेत यायचा. त्यामुळे बिनाआगीचं जेवण जास्त. कच्चा चिवडा : मुरमुरे, कच्चं तेल, तिखट, मीठ, कांदा, फल्लीदाणे, असला तर सांबार. घरून जवसाची चटणी आणि भुरका यायचा, त्याला महिनाभर काही होत नाही. आई एसटीने भाकरी पाठवायची, कंडक्टरच्या हाती. ज्वारीची भाकर दुसऱ्या दिवशी कडक झाली की कुस्करून त्यात ताक, कांदा. आज हॉटेलात असलं काही दोनशे रुपयांना मिळालं तर मी देईन.

सांबारवडी
नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नाही. दरवेळी कोणीतरी विचारतंच.

धानपट्टा
आमच्या गोंदियाकडे भाताचा मुलूख. रात्रीचा उरलेला भात पाण्यात बुडवून ठेवायचा, सकाळी मीठ, कांदा, मिरची, लिंबाचं लोणचं. बासी म्हणतात. पलीकडे छत्तीसगडात त्याचा २०२२ पासून १ मेला दिवससुद्धा साजरा झाला. आमची आजी हे ऐकून म्हणाली असती, त्यात साजरं काय करायचं? रोवणीच्या दिवसांत बाया डोक्यावर बासीचं गंज घेऊनच बांध्यावर जायच्या. सोबत वाळवलेले झिंगे तव्यावर भाजून. घरभर वास, शेजाऱ्यांशी भांडणं.

गावची_सिस्टर
बासीबद्दल एक सांगते, वीस वर्षं खेड्यात नोकरी केली म्हणून. भात गार झाला की लगेच पाण्यात घाला आणि सकाळीच संपवा. मे महिन्यात दुपारपर्यंत ठेवू नका. कोमट भात तसाच पडून राहिला तर त्यात जंतू वाढतात, त्यांचं विष परत उकळूनही जात नाही. लग्नाच्या पंगतीतला भात दुसऱ्या दिवशी गरम करून वाटला आणि अर्ध्या आळीला सलाईन, असे दोन उन्हाळे पाहिलेत. दूध मात्र दिवसातून तीनदा उकळा, उरलेलं रात्री विरजा. फ्रीजपेक्षा विरजण बरं, निदान ताक तरी मिळतं.

रेती_आणि_मडकं
आता माझी फजिती. कुठेतरी वाचलं की नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा नावाच्या शिक्षकाने मडक्यात मडकं ठेवून फ्रीज केला. मध्ये ओली रेती, वर ओलं फडकं. रेतीतलं पाणी झिरपून बाहेर येतं, उडतं, आतलं गार होतं. आपल्या माठाचीच गोष्ट. अकोल्याजवळच्या गावी कुंभाराकडून दोन मडकी आणली, सावलीत वारा येईल तिथे मांडली. मे महिना, बाहेर ४५. आत भेदरं (टोमॅटो), वांगी, पालक चार-पाच दिवस टवटवीत! गावभर मिरवलो. सरपंच पाहून गेले.

मग जुलै आला. तिसऱ्या दिवशी वांग्यांना बुरशी. हवाच ओली, पाणी उडणार कुठे? पावसाळ्यात आपला वाळ्याचा कूलर जसा नुसता चिकचिकाट करतो, तसंच. सरपंच तेव्हाही पाहून गेले.

दोन_आण्याचं_तूप
सरपंचांना मडक्यात ठेवायचं होतं.

बुलडाण्याची_पोर
आले परत. दूध उतू गेलंच. फुणके करताना डाळ फार बारीक वाटू नका, दगड होतात. आणि उरलेले दुसऱ्या दिवशी कुस्करून कांद्यावर परता. उरले तर.

खुला_विक्रेती_नव्हे
कोणीच खुला (चिरून वाळवलेल्या भाज्या) कशा लिहिल्या नाहीत?! हिवाळ्यात वांगी दोन रुपये किलो व्हायची तेव्हा आजी टोपलंभर चिरून खाटेवर वाळवायची. गवारीच्याही. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वाळवायचा, त्याची भाजी उन्हाळ्यात. मुंगवड्या वेगळ्या, त्या मोठ्या पोरींनी टाकायच्या, आम्ही कावळे हाकलायला. पापडासाठी बिबड्याचं पीठ शिजलं की आधी वाटीत कच्चं तेल घालून गरम गरम खायचं, वाळवण राहिलं बाजूला.

खुला करायच्या तर कोमट पाण्यात भिजवा, पिळा, तेलात कांदा-लसूण, फल्लीचा कूट, तिखट, आणि पाणी बेताचं. चव ताज्या वांग्याची नाही, ती वेगळीच, जरा मटणाकडे झुकणारी. मे महिन्यात बाजारात काही नसताना ही भाजी आणि ज्वारीच्या कण्या. नवऱ्याला आवडत नाही. तो पुण्याचा.

पुणेकर_जावई
इथे आहे मी. आवडते. पहिल्या वर्षी नाही म्हणालो होतो, अजून ऐकतोय.

मास्तरांचा_नातू
आजोबा प्राथमिक शिक्षक, बदली मेळघाटात, घर मागे राहिलेलं. त्यांच्याकडे इकमिक कुकर होता. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास काढलेला. लांब डबा, आत एकावर एक भांडी : डाळ, भात, भाजी. खाली कोळसे. सकाळी पेटवून शाळेत जायचे, मधल्या सुट्टीत येऊन जेवायचे. शिटी नाही, करपणं नाही. आमच्या आजीला तो डबा अजिबात आवडायचा नाही. म्हणायची, त्या डब्यामुळे माणसाला घरी यायची घाई उरली नाही.

पऱ्हाटी
आजी हुशार.

गावची_सिस्टर
सात्या (रानातली अळंबी) कोणी लिहिल्या नाहीत अजून. पाऊस पडला की वारुळापाशी. पण ओळखणारं माणूस सोबत असेल तरच आणा, नाहीतर परत सलाईन माझ्याच हातून.

वावरातला_गडी
सिस्टर, तुमी प्रत्येक पदार्थात सलाईन टाकून रायल्या.

उखळमुसळ
शनिवारी दुपारी लाईट आली. भावाने कुकरची नवी रिंगही आणली. रविवारी वहिनीने वरण लावलं, तीन शिट्ट्या, दहा मिनिटं. आईने एक घास खाल्ला आणि विचारलं, "डाळ बदलली का वं?" वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे.

गंज धुऊन ओट्यावरच ठेवलाय, माळ्यावर नाही. कल्हईवाला दिग्रस, दारव्हा, आर्णी कुठे बसतो कोणाला माहीत आहे का? आमच्या गावात यायचा तो आता येत नाही.

शेगडीवाला
यवतमाळला एक होता, चौकशी करून कळवतो. किती भांडी?

उखळमुसळ
दोन. आई म्हणते तीन. थांबा, माळ्यावरून अजून काढतेय.