बढती एका तुकडीची, घसरण दुसऱ्या तुकडीची: कुमार गटात ही पद्धत हवी का?

तापीकाठ

जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून २५ तालुके. त्यांची कुमार कबड्डी साखळी भरवावी आणि तिला बढती-घसरण (खालच्या गटातला पहिला वर, वरच्यातला शेवटचा खाली) लावावी, अशी सूचना परवा इथे आली. दाखला दिला होता २० वर्षांखालील जागतिक आइस हॉकीचा. तो दाखला नीट तपासला तर माझ्या मते उलटंच निघतं, म्हणून हा वेगळा धागा.

ती स्पर्धा अशी चालते. वरच्या गटात १० संघ, ५-५ चे दोन विभाग, प्रत्येकाचे ४ साखळी सामने. विभागातले पहिले चार उपांत्यपूर्व फेरीत जातात. दोन्ही विभागांतले पाचवे एकमेकांशी खेळतात आणि हरणारा खाली 'डिव्हिजन १ अ'मध्ये. तिथे ६ संघ, प्रत्येकी ५ सामने, पहिला येईल तो पुढच्या वर्षी वर. त्याखाली १ ब, २ अ, २ ब आणि ३ अशी उतरंड आहे.

आता गोम कुठे आहे ते बघा. अट जन्मवर्षाची आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बुडापेस्टला कझाकस्तान '१ अ'मध्ये पहिला आला, तेव्हा २००४ किंवा त्यानंतर जन्मलेले खेळत होते. त्या विजयाचं फळ मिळालं डिसेंबर २०२४ मध्ये, ओटावाला. तिथे अट २००५ ची. म्हणजे २००४ ची पोरं, ज्यांच्या जोरावर संघ वर आला, ती सगळी बाद. या वयात एका वर्षाचा फरक अंगात दिसतो आणि संघाचा कणा १९ वर्षांच्यांचाच असतो. कझाकस्तान शेवटच्या सामन्यात जादा वेळेत जर्मनीकडून ४-३ हरला आणि परत खाली गेला. त्याआधी नॉर्वेचं हेच झालं. डिसेंबर २०२२ मध्ये आस्करला, घरच्या बर्फावर वर चढले आणि २०२४ च्या गोथेनबर्गच्या स्पर्धेत खाली उतरले.

म्हणून माझं म्हणणं असं: वर आलेल्या संघाला दोन वर्षांची हमी द्या आणि दोन्ही वर्षांचे गुण मिळून घसरण ठरवा. आणि एका सामन्यावर निकाल नको. २०१४ पासून २०२३ पर्यंत जेव्हा जेव्हा घसरण होती, तेव्हा ती तीन सामन्यांच्या मालिकेवर ठरत होती. ती मालिका परत आणा.

मॅटवरचा पंच

साफ असहमत. जागा त्या २२-२५ पोरांची नसतेच. ती त्यांच्यामागे उभ्या असलेल्या व्यवस्थेची असते: मैदानं, प्रशिक्षक, १४ आणि १६ वर्षांखालची फळी. १९ वर्षांची तुकडी गेल्यावर १८ वर्षांची तयार नसेल तर तो दोष स्पर्धेचा कसा?

फिनलंड बघा. २०१६ मध्ये हेलसिंकीला जगज्जेते. लाइने, आहो, पुल्युयार्वी अशी त्रयी होती. पुढच्या वर्षी यांतलं कोणी नव्हतं. २०१७ मध्ये कॅनडात पहिले तिन्ही सामने हरले आणि स्पर्धा चालू असतानाच प्रशिक्षक युक्का राउताकोर्पी यांना काढलं. सूत्रं युसी अहोकास यांच्याकडे आली. गतविजेता संघ लाटव्हियाविरुद्ध घसरणीची मालिका खेळला आणि २-० ने वाचला. तेच अहोकास २०१९ मध्ये व्हँकुव्हरला सुवर्णपदक जिंकून देणारे प्रशिक्षक. खाली पडायची भीती नसती तर २०१७ मध्ये ते धाडस झालं असतं का? दोन वर्षांच्या हमीत संघटना पहिलं वर्ष झोपून काढते.

गिरणामाय

हमीचा प्रयोग एकदा होऊन गेला आहे, तोही नकळत. ऑस्ट्रिया डिसेंबर २०१९ मध्ये मिन्स्कला जिंकून २०२१ साठी वर आला. कोविडमुळे खालचे गट रद्द झाले, त्यामुळे २०२१ ला घसरण नव्हती. २०२२ ची स्पर्धा अर्धवट थांबून ऑगस्टमध्ये एडमंटनला पुन्हा पहिल्यापासून झाली, तेव्हाही नव्हती. म्हणजे तापीकाठ मागतात त्यापेक्षा जास्तच मिळालं. निकाल? तीन स्पर्धांत एकही विजय नाही आणि २०२३ मध्ये लाटव्हियाकडून हरून खाली. नुसता वेळ देऊन भागत नाही.

तापीकाठ

गिरणामाय, विजय मोजलेत, पोरं मोजली नाहीत. याच काळातला ऑस्ट्रियाचा मार्को कास्पर २०२२ च्या एनएचएल (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग) निवडीत ८ वा गेला आणि डेव्हिड राइनबाखर २०२३ मध्ये ५ वा. ऑस्ट्रियासारख्या देशाला सलग दोन वर्षं पहिल्या दहात नावं मिळणं ही छोटी गोष्ट नाही. कॅनडा, अमेरिकेशी खेळताना ती पोरं निवडकर्त्यांच्या नजरेसमोर होती.

आणि लाटव्हिया? रशियाला बाहेर काढल्यामुळे २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना मोकळी जागा मिळाली. '१ अ' गट जिंकून आले नव्हते. तरी उपांत्यपूर्व फेरी गाठली, पुढच्या वर्षी जागा राखली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ओटावात कॅनडाला पेनल्टी शॉटवर ३-२ हरवलं. हे एका वर्षात झालेलं नाही.

गिरणामाय

कास्पर घडला स्वीडनच्या रोग्ले क्लबात आणि राइनबाखर स्वित्झर्लंडच्या क्लोटेनमध्ये. वर्षभर रोज मोठ्या माणसांबरोबर सराव, त्यातून ते पुढे गेले. अकरा दिवसांच्या स्पर्धेला त्याचं श्रेय देऊ नका. लाटव्हियाचा मुद्दा मात्र मानते. तो माझ्या बाजूने वळवता येत नाही.

चोपडा रोड

एक सामना की तीन, यावर कोणी थांबलंच नाही. खरा तांत्रिक मुद्दा तोच आहे.

वरच्या गटात २० साखळी सामने, ४ उपांत्यपूर्व, २ उपांत्य, कांस्य, सुवर्ण आणि घसरणीचा १, असे २९ होतात. तीन सामन्यांची मालिका केली तर जास्तीत जास्त ३१. म्हणजे वेळेची अडचण नाही. अडचण दमाची आहे. आइस हॉकीत आक्रमक तिघांच्या चार फळ्या आणि बचावाच्या तीन जोड्या आलटून पालटून उतरतात. एक फळी ४०-४५ सेकंद बर्फावर राहते आणि बदलते. दुबळ्या संघाकडे विश्वासाच्या दोनच फळ्या असतात, म्हणून त्याच पोरांवर भार पडतो. तिसऱ्या २० मिनिटांत पाय जड होतात, मग स्केटने गाठता येत नाही तिथे काठी घातली जाते, दोन मिनिटांची शिक्षा होते आणि पाचाविरुद्ध चार खेळताना गोल बसतो. हे एका सामन्यात कसंबसं निभतं. तीन सामन्यांत उघडं पडतं.

म्हणून तापीकाठ आप्पा, मालिका मागून तुम्ही नव्या संघाचंच नुकसान करताय. एका सामन्यात गोलरक्षक तापला तर दुबळाही वाचतो. जर्मनीला जादा वेळेपर्यंत नेणारा कझाकस्तान तीन सामन्यांत टिकला असता? २०२० मध्ये हेच दोघे मालिकेत भेटले होते आणि कझाकस्तान १-२ हरला.

तापीकाठ

२०१९ मध्ये त्याच कझाकस्तानने मालिकेत डेन्मार्कला २-० हरवून खाली पाठवलं. तेव्हा तेच नव्याने वर आले होते. त्यामुळे मालिका नेहमी जुन्यालाच साथ देते असं नाही. पण दमाचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, तो बरोबर आहे. मालिकेचा आग्रह सोडतो. दोन वर्षांच्या हमीचा सोडत नाही.

सातपुडा

बठ्ठं खरं शे, पन आपला पोरेस्नं काय?

मूळ सूचना कबड्डीची होती, त्यावर या. कुमार गटात २० वर्षांची अट आहे आणि वर मुलांना ७० किलोची. म्हणजे आइस हॉकीपेक्षा आपल्याकडे तुकडी जास्त वेगाने फुटते. १८ व्या वर्षी ६८ किलोचा असलेला पोरगा १९ व्या वर्षी वयात बसतो, पण काट्यावर बसत नाही. चांगला कोपरारक्षक गेला की साखळी धरून पकड करणारा त्याचा जोडीदारही निम्मा होतो, कारण ती पकड दोघांची असते. ज्यांनी तालुका वर नेला त्यातले पुढच्या वर्षी किती उरतील? अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा यांना एका वर्षात वर आणून पुढच्या वर्षी खाली ढकललं तर अक्राणीच्या धडगावात पुन्हा संघ जमवणं अवघड जाईल.

मॅटवरचा पंच

उलट आहे. आज शालेय स्पर्धा बाद पद्धतीची. तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग. धडगावचा संघ जिल्ह्याला येतो, पहिल्याच सामन्यात गाठ पडते तयारीच्या संघाशी, ४५ मिनिटांत खेळ संपतो आणि घाट चढून परत. वर्षाला एक सामना! बढती-घसरणीत सहाच्या गटात त्याला बरोबरीच्या संघांशी ५ सामने मिळतात. आइस हॉकीच्या खालच्या गटांचा खरा फायदा हाच आहे. तिसऱ्या डिव्हिजनमधल्या देशाला कॅनडाकडून दहा-बारा गोल खाऊन काय शिकायला मिळणार? त्याला त्याच्या जोडीचा प्रतिस्पर्धी हवा.

हिशोब साधा आहे. २५ तालुक्यांचे चार गट: ६, ६, ६ आणि ७. सहाच्या गटात १५ सामने, सातच्या गटात २१, एकूण ६६. डाव २० मिनिटं, ५ मिनिटं विश्रांती, पुन्हा २०. वजन, ओळखपत्रं आणि टाइमआउट धरून सामन्याला एक तास लावा. दोन मॅटवर सहाचा गट दोन दिवसांत उरकतो. पहिल्या दिवशी प्रत्येकी तीन सामने, दुसऱ्या दिवशी दोन. वजन फक्त पहिल्या सकाळी घेऊ नका, दोन्ही सकाळी घ्या. नाहीतर पोरं पाणी तोडून काट्यावर बसतात आणि तिसऱ्या सामन्यात पेटके येतात.

गिरणामाय

तीन सामने एका दिवशी कुमारांना जास्त होतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात तर नकोच. डिसेंबर ठेवा, आणि सातचा गट तीन दिवसांचा करा.

सातपुडा

पंचभाऊ, ५ सामन्यांचा मुद्दा पटला. पण मग घसरण कशाला? गट पाडा, वर जायची वाट ठेवा, खाली ढकलू नका.

मॅटवरचा पंच

खाली कोणी आलं नाही तर वरचा गट दरवर्षी एकाने फुगतो. ६ चे ७, ७ चे ८. आठ संघांत २८ सामने. मग दोन दिवसांत होत नाही आणि परत बाद पद्धतीवर येतो. वर एक गेला तर खाली एक यायलाच हवा.

तापीकाठ

मग मधला मार्ग. वरच्या गटातून एक खाली, पण नुकताच वर आलेला संघ पहिल्या वर्षी सुटलेला. तो शेवटचा आला तर पाचवा खाली जाईल. गटातली संख्या सहाच राहते, अक्राणीला दोन हिवाळे मिळतात. आणि गुण असे द्या की हरलेल्यालाही शेवटपर्यंत लढायला कारण असावं. आइस हॉकीत जादा वेळेत हरणाऱ्याला साखळीत १ गुण मिळतो, आपण ७ किंवा कमी गुणांनी हरणाऱ्याला १ देऊ.

मॅटवरचा पंच

पाचव्याने काय पाप केलं? तो मैदानावर जिंकून पाचवा आलेला असेल आणि त्याच्या खालचा नियमाने वाचेल. भडगावचं पोरगं हे कसं मान्य करेल? ७ गुणांचं कलम मात्र घ्या, त्याला माझी हरकत नाही.

चोपडा रोड

पाचवा आणि सुटलेला सहावा यांचा एक सामना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तिसऱ्या मॅटची गरज नाही. सहावा जिंकला तर पाचवा खाली. पाचवा जिंकला तर त्या वर्षी खालच्या गटातून कोणी वर नाही. दोघांनाही मैदानावरच उत्तर मिळेल.

सातपुडा

आणि खालच्या गटात पहिला आलेला? त्याने पाचही सामने जिंकले आणि दुसऱ्यांच्या निकालामुळे खालीच अडकला, तर तापीकाठ आप्पांचं पहिलं दुखणं परत आलं. त्या पोरांना पुढचं वर्ष नसतं.